पायोमेट्रा होऊन गेलेली कुत्री पुन्हा लावायची का?

"पिशवीत पू झाला होता, औषधानं बरी झाली, आता माजावर आली की लावू का?" पायोमेट्रा, म्हणजे गर्भाशयाच्या पिशवीत पू साचणं, झाला की हा प्रश्न बहुतेक जण उशिरा विचारतात. तो विचारायची वेळ पहिल्याच दिवशी असते, सोनोग्राफी झाल्यावर आणि पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी. पिशवी ठेवायची की काढायची हे त्या दिवशी ठरतं. ठेवायची म्हटली तर पुढच्या वर्षभराचा बेतही तेव्हाच ठरलेला बरा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेत घ्यायचं पक्कं असेल आणि कुत्री त्या लायकीची असेल, तर पुढच्याच माजाला लावायची, एक वेत घ्यायचं आणि पिल्लं दुधावरून सुटली की पिशवी काढून टाकायची. यातलं काहीच नक्की नसेल तर पिशवी आत्ताच काढायची. "बघू पुढं, जमलं तर लावू" हा तिसरा रस्ता सगळ्यात वाईट, आणि जास्तीत जास्त लोक त्याच रस्त्यानं जातात.

लिहिताना माझ्या डोळ्यासमोर लातूर, नांदेड, परभणीकडचे कारवानी आणि पश्मी जातीची कुत्री पाळणारे आहेत. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तरी शरीराचं गणित तेच.

गायीचा हिशेब इथं लागू नाही

आपल्याकडं बहुतेकांच्या दावणीला गाय-म्हैस असते, त्यामुळं डोक्यात हिशेबही तिचाच असतो. गायीच्या पिशवीत पू साचला की डॉक्टर प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात, ती माजावर येते, घाण पडून जाते, आणि पुढच्या एखाद्या माजाला गाभण राहते. गाय दर २१ दिवसांनी माजावर येते, म्हणून हे जमतं.

कुत्रीचं चक्र वेगळं. ती साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, काही कुत्र्या तर वर्षातून एकदाच. माज संपला की ती फळली असो वा नसो, तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक जवळपास दोन महिने चढलेलं राहतं. शरीर गर्भाची तयारी करतं, गर्भ असो वा नसो. पिशवीचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी पाझरतात, पिशवीचं आकुंचन थांबतं, तोंड मिटतं आणि तिथली प्रतिकारशक्तीही मंदावते. माजाच्या काळात उघड्या तोंडातून आत गेलेल्या जंतूंना यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार? हे जंतू बहुतेक वेळा तिच्याच आतड्यातले ई-कोलाय असतात. दुसऱ्या कुत्र्यानं काही "लावून" दिलेलं असतंच असं नाही. कधीच न लावलेल्या कुत्रीलाही पायोमेट्रा होतो, आणि माज संपल्यावर दोन आठवड्यांपासून दोन-अडीच महिन्यांपर्यंत केव्हाही होतो.

प्रत्येक रिकाम्या माजानंतर अस्तर पूर्ण मूळपदावर येतंच असं नाही. बारीक बारीक गाठोळ्या राहतात, वर्षागणिक वाढतात. म्हणून हा आजार वय वाढलेल्या, पिशवी न काढलेल्या कुत्र्यांचा. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा सर्रास असतो. तिथल्या विम्याच्या नोंदी सांगतात की पिशवी न काढलेल्या पाच कुत्र्यांपैकी साधारण एकीला दहा वर्षांची होईपर्यंत पायोमेट्रा होतो.

औषधानं पू निघतो, जंतू मरतात. अस्तर मात्र तेच राहतं. पुढचा माज आला की तेच प्रोजेस्टेरॉन त्याच अस्तरावर पुन्हा दोन महिने बसतं, आणि आजार उलटण्याचं कारण तिथंच आहे. औषधावर बऱ्या झालेल्या कुत्र्यांत आजार पुन्हा होण्याचं प्रमाण अभ्यासागणिक दहा टक्क्यांपासून थेट सत्तरच्या पुढं दिसतं. आकडे इतके का बदलतात? औषधं वेगळी, कुत्र्यांची वयं वेगळी, आणि मुख्य म्हणजे किती महिने लक्ष ठेवलं हे वेगळं. जितका काळ जास्त, तितका आकडा मोठा.

"एक वेत झालं की पिशवी आपोआप साफ होते" असं गावोगाव ऐकायला मिळतं. व्यालेल्या कुत्र्यांत काही जातींमध्ये धोका थोडा कमी दिसतो, एवढंच त्यात खरं. वेत हा उपचार नव्हे. पुढच्याच माजाला लावायचं ते एवढ्यासाठी की अस्तर आणखी बिघडायच्या आत तुमचा एक डाव खेळून व्हावा.

खरंच पायोमेट्रा होता का?

निर्णय घ्यायच्या आधी जुना कागद काढा. कागदच नसेल तर गेल्या वेळी काय झालं होतं ते नीट आठवा, कारण खालून घाण जाणं म्हणजे दर वेळी पायोमेट्रा नसतो.

व्यायल्यावर पहिल्या आठवड्याभरात ताप आला, घाण वास सुटला, पिल्लांना पाजेना झाली, तर तो मेट्रायटिस. वार किंवा मेलेलं पिल्लू आत राहिल्यानं, किंवा व्यायला फार वेळ लागल्यानं तो होतो. वेळेत उपचार झाले तर अशा कुत्रीचं पुढचं वेत घ्यायला बऱ्याचदा हरकत नसते. पायोमेट्राचे कडक नियम तिला जसेच्या तसे लावू नका.

दुसरी गफलत टीव्हीटीची. मोकाट कुत्र्यांच्या संगतीत लागणारा हा लागट कर्करोग आपल्याकडं भरपूर दिसतो. महिनोन् महिने रक्ताचे थेंब पडतात, मालक म्हणतो "माज थांबतच नाही". हातमोजा घालून आत बोट फिरवलं की फुलकोबीसारखी ठिसूळ गाठ हाताला लागते. व्हिनक्रिस्टिनच्या इंजेक्शनांनी तो बहुधा बरा होतो, पण बरा झाल्याची खात्री होईपर्यंत ती कुत्री कुठल्याही नराजवळ न्यायची नाही.

लहान वयाच्या पाटीला (मादी पिल्लाला) योनीमार्गाची साधी सूज असते. काहींच्या पिशवीत पू नसतो, नुसतं पाण्यासारखं किंवा शेंबडासारखं द्रव साचलेलं असतं. तीही चांगली बातमी नाही, अस्तर बिघडल्याची ती खूण आहे.

एक प्रश्न मात्र प्रत्येकानं स्वतःला विचारावा: आजाराच्या आधी तिला माज थांबवायचं किंवा "चुकून लागलेलं पाडायचं" इंजेक्शन दिलं होतं का? पहिलं असतं प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, दुसरं बऱ्याचदा इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं, आणि दोन्ही पायोमेट्राला आमंत्रण देतात. दोन-तीन वर्षांच्या जवान कुत्रीला पायोमेट्रा झाला की माझी पहिली शंका तिथंच जाते. तसं निघालं तर एका अर्थी बरंच म्हणायचं, कारण आजार बाहेरून ओढवून घेतलेला आहे आणि अस्तर म्हातारं नाही. अशा कुत्रीला संधी द्यायला माझी हरकत नसते. ते इंजेक्शन मात्र पुन्हा आयुष्यात नाही.

पहिल्या दिवसाचा निर्णय

आखाड्यावर कुत्री ज्या पोत्यावर झोपते ते पोतं उजेडात उलटं करून बघा. तपकिरी-लालसर, चिकट, वास मारणारे डाग असतील तर तोंड उघडं आहे, पू बाहेर पडतोय. डाग नाहीत, पण कुत्री पाणी ढसाढसा पितेय, सारखी मुततेय, भाकर हुंगून बाजूला होतेय, उलट्या करतेय आणि पोट खाली ओघळलंय, तर तोंड बंद असायची शक्यता आहे. हा प्रकार जास्त घातक. पिशवी फुटली किंवा विष रक्तात भिनलं तर एका-दोन दिवसांत खेळ संपतो.

तोंड बंद असलेला पायोमेट्रा, कुत्री सुस्त पडलेली, ताप फार चढलेला किंवा अंग उलट गार पडलेलं, रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं (मूत्रपिंड थकल्याची खूण), आत मेलेलं पिल्लू, बिजांडावर गाठी: यातलं काहीही असेल तर वेताचा विषय तिथंच संपवा. सलाईन लावून कुत्री स्थिर करायची आणि पिशवी काढायची. इथं "एक वेत तरी घेऊ द्या" म्हणणाऱ्याला डॉक्टरांनी हाकलून दिलं तरी मला वाईट वाटणार नाही.

औषधाचा विचार कुणासाठी? वय सहाच्या आत, तोंड उघडं, खातेय-पितेय, मूत्रपिंड ठीक, आणि मालकाला खरंच वेत घ्यायचंय. या सगळ्या गोष्टी एकत्र हव्यात.

अशी कुत्री असेल तर डॉक्टरांशी हे बोलून घ्या:

१. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी पुवाचा नमुना कल्चरला (कुठले जंतू आहेत ते उगवून बघायला) पाठवता येईल का? नंतर घेतलेल्या नमुन्यात काही उगवेलच असं नाही आणि मग अंदाजानं औषधं बदलत बसावं लागतं.

२. अ‍ॅग्लेप्रिस्टोन मिळेल का? हे औषध प्रोजेस्टेरॉनची वाट अडवतं, त्यामुळं तोंड उघडतं. सहसा पहिल्या, दुसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी देतात. उपचार सुरू करण्याआधी पूर्ण कोर्स हाताशी हवा, मध्येच संपलं असं होता कामा नये.

३. प्रोस्टाग्लँडिन द्यायचं असेल तर दवाखान्यातच. दिल्यावर कुत्री धापा टाकते, लाळ गाळते, ओकते, हगते, साधारण तासाभरात निवळते. मालक घाबरतात, म्हणून आधी सांगून ठेवलेलं बरं. हे औषध कातडीतून शोषलं जातं, तेव्हा घरातल्या गरोदर बाईनं किंवा दम्याच्या माणसानं कुपी हातात धरू नये. गायीसाठी आणलेली कुपी घरात पडलीय म्हणून स्वतः टोचायचं धाडस तर मुळीच करू नका. कुत्रीचं प्रमाण वेगळं आणि चूक झाली तर जिवावर बेतते.

४. सोनोग्राफी पुन्हा कधी? दोन आठवड्यांनी एक, आणि कोर्स संपल्यावर आणखी एक. पू पडायचा थांबला म्हणजे पिशवी रिकामी झाली असं नाही.

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. साध्या तापासाठी तिथं धावायची गरज नाही, पण अशा निर्णयासाठी गाडी काढणं परवडतं. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट आणि माजाच्या तारखा घेऊन जा. शेवटचा माज कधी होता हे सांगता आलं नाही तर निम्मं निदान तिथंच अडतं.

ही कुत्री वेताच्या लायकीची आहे का?

इथं लोक चिडतात. अहमदपूरकडचे एक मामा मला म्हणाले होते, "असली कारवान सगळ्या तालुक्यात नाही, आन् तुम्ही पिशवी काढा म्हणता?" मी विचारलं, आधीची किती वेतं झाली? दोन. त्यातल्या पाट्या कुठं आहेत? एक भावाच्या आखाड्यावर, एक लोह्याला. "मग मामा, वंश तर चालूच आहे की!" थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ते बी खरंच हाय."

कारवानीची अस्सल रेषा टिकावी ही तळमळ खरी आहे, मीही त्यातलाच. रेषा टिकते ती चार-पाच निरोगी माद्यांतून. एकाच आजारी मादीवर भार टाकून टिकत नाही. तिची आधीची पिल्लं असतील, सख्खी बहीण असेल, तर त्यांच्यातून पुढं जा. तिच्या आईला किंवा बहिणीलाही जवान वयात पायोमेट्रा झाला असेल तर मी तिचं वेत अजिबात घेणार नाही. काही जातींत हा आजार घराण्यात फिरतो. रॉटवायलर, गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत तो इतरांपेक्षा जास्त दिसतो, आणि गोल्डनमध्ये तर जनुकाशी संबंधही सापडलाय. कारवानीच्या घराण्यांत काय चालतं हे तुमच्या वहीतूनच कळणार, म्हणून आई, मावशी, बहिणी यांच्या नोंदी ठेवा.

वयाची माझी रेघ अशी: चारच्या आत असेल तर मोकळ्या मनानं विचार करा. चार ते सहामध्ये असेल तर कारण भक्कम हवं. सहाच्या पुढं नाही. आणि तिचं हे पहिलंच वेत असून वय पाचच्या पुढं गेलं असेल, तर पायोमेट्रा झाला नसता तरी मी दोनदा विचार केला असता.

पिल्लं विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीविषयक नियमांत ब्रीडरनं राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करायची आहे, दीड वर्षाच्या आतली मादी लावायची नाही, आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही. म्हणजे पायोमेट्रानंतर पहिल्या माजाला वेत घेतलं की सहा महिन्यांनी येणारा पुढचा माज बहुधा रिकामाच जाणार. तोच रिकामा माज धोक्याचा. "एक वेत आणि मग पिशवी" असं मी म्हणतो त्यामागं हाही हिशेब आहे.

माज यायच्या आधीचे महिने

औषधाचा कोर्स झाला, शेवटची सोनोग्राफी स्वच्छ आली. आता वही काढा. अ‍ॅग्लेप्रिस्टोननंतर पुढचा माज नेहमीपेक्षा लवकर येऊ शकतो. सहा महिन्यांचा अंदाज धरून निवांत बसलात तर एखाद्या सकाळी सालगडी सांगतो की रात्री गावातली चार कुत्री आखाड्याभोवती फिरत होती. झालं, मग कुणाची पिल्लं आणि कुठला आजार याचा हिशेब लागत नाही.

या काळात जंतनाशक, लसी, वजन नीट करून घ्या. कारवानी मुळातच सडपातळ, फासळ्या थोड्या दिसल्या तर चालतं. कमरेची हाडं टोचायला लागली तर खुराक वाढवा.

ब्रुसेलाची रक्त तपासणी नर आणि मादी दोघांची करून घ्या. कुत्र्यांचा स्वतःचा ब्रुसेला असतो, त्यानं गर्भ पडतात आणि नर वांझ होतो. त्याखेरीज शेतावरच्या कुत्र्याला गायीचा ब्रुसेलाही लागू शकतो. गोठ्यात गाय गाभडली की पडलेली वार आणि मेलेलं वासरू कुत्र्यांपुढं टाकायची खोड अजून गेलेली नाही. ती वार चुना टाकून खोल पुरा. हा रोग माणसालाही होतो आणि महिनोन् महिने ताप सोडत नाही.

एक गोष्ट करू नका: "लावायच्या आधी पिशवी साफ राहावी म्हणून" अँटिबायोटिकचा कोर्स. निरोगी कुत्रीच्या योनीतही ई-कोलाय आणि इतर जंतू असतात, त्यामुळं नुसत्या स्वॅबवर जंतू उगवले म्हणून आजार ठरत नाही. विनाकारण औषध दिलं की औषधाला दाद न देणारे जंतू तेवढे मागे राहतात.

नर निवडताना पहिलटकर नको. गेल्या वर्षभरात ज्याची पिल्लं झालीत, ज्याला टीव्हीटी नाही हे डोळ्यांनी बघितलंय, असा नर हवा. माळेगावच्या यात्रेत श्वान प्रदर्शनात एकाहून एक सरस कारवानी बघायला मिळतात. मार्गशीर्षात तिथं नर हेरून ठेवणं चांगलं, पण त्या धुळीत आणि गर्दीत तिथल्या तिथं लावायची घाई करू नका. मालकाचा नंबर घ्या, तपासणीचं आधी बोला. या कुत्रीला एकच डाव मिळणार आहे, तो कच्च्या नरावर वाया घालवायचा नाही.

माजातले दिवस

थेंब दिसला तो पहिला दिवस. "अकराव्या-तेराव्या दिवशी लावा" हे सूत्र बऱ्याच कुत्र्यांना लागू पडतं आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत सपशेल चुकतं. कुणी सातव्या दिवशी तयार असते, कुणी विसाव्या. नेहमीच्या कुत्रीला सूत्र चुकलं तर पुढचा माज आहे. हिला नाही.

म्हणून प्रोजेस्टेरॉनची रक्त तपासणी करा. ती कुत्र्यांच्याच लॅबमध्ये व्हावी असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी माणसांच्या पॅथॉलॉजी लॅब हीच तपासणी करतात आणि तिचा आकडा कामाला येतो. रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत द्या, जेलच्या नळीत आकडा चुकू शकतो. दर वेळी तीच लॅब धरा. रिपोर्टवर एकक वाचा: नॅनोग्रॅममध्ये आहे की नॅनोमोलमध्ये? एक नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ३.२ नॅनोमोल, गोंधळ झाला तर सगळाच घोळ. पाचव्या-सहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसाआड बघत जा. आकडा २ नॅनोग्रॅमच्या आसपास आला की लवकरच बीज सुटणार, ५ च्या आसपास म्हणजे सुटलं. कुत्रीचं बीज सुटल्यावर पक्व व्हायला आणखी दोन दिवस घेतं, म्हणून त्या दिवसापासून दोन-तीन दिवसांनी लावणं सर्वांत फळतं.

तपासणी जमत नसेल तर डॉक्टरांकडून योनीच्या स्रावाची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या, आणि शेपूट बाजूला करून नर घ्यायला लागली की एक दिवसाआड दोन-तीनदा लावा. नर-मादी अडकले की ओढाताण नको, आपले आपण सुटू द्या. त्यानंतर दार लावून ठेवा. माज पूर्ण उतरेपर्यंत सुटं फिरवणं नाही.

लावल्यानंतर: खरी कसोटी

इथं माणसं निवांत होतात, आणि इथंच पायोमेट्रा परत येतो. पुढचे आठ-दहा आठवडे प्रोजेस्टेरॉनचे आहेत.

२५ ते ३० दिवसांत सोनोग्राफी करायचीच. गर्भ असतील तर धडधडणारी हृदयं दिसतात. पिशवीत नुसतं काळं द्रव दिसलं तर ती वाईट बातमी, पण लवकर कळलेली. आणि काहीच नाही, म्हणजे रिकामी राहिली, तरी धोका टळलेला नाही, उलट आता वाढलाय.

पाण्यावर लक्ष ठेवा. दिवसाला किलोमागं १०० मिलीपेक्षा जास्त पाणी म्हणजे काहीतरी बिघडलंय. २५ किलोच्या कुत्रीला अडीच लिटर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो तेव्हा सगळीच कुत्री जास्त पाणी पितात, म्हणून तिची भांडी वेगळी ठेवा आणि शेजारच्या कुत्र्याशी ताडून बघा. आठवड्यातून दोनदा थर्मामीटर लावा; १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचं. खाणं सोडलं, पाणी वाढलं, सारखी मागं चाटतेय, की वाट न बघता दवाखाना.

"गर्भ टिकावा म्हणून" प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर रक्तातला आकडा कमी असल्याचा रिपोर्ट मागा. त्याशिवाय दिलं तर ज्या संप्रेरकानं हा आजार घडवला तेच तुम्ही बाहेरून भरताय.

गाभण राहिली तर पिल्लं कमी असू शकतात. एकटंदुकटं पिल्लू असेल तर ते मोठं होतं आणि कळा नीट येत नाहीत, म्हणून शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पिल्लं मोजून घ्या. बीज सुटल्यापासून साधारण ६३ दिवस. अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की बहुधा चोवीस तासांत व्यायला लागते. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवा स्राव दिसला, किंवा अर्धा तास जोर करूनही पिल्लू नाही, तर गाडी काढा. सिझेरियन करावं लागलं तर त्याच वेळी पिशवीही काढता येते का हे आधीच बोलून ठेवा. दूध त्यानं बंद होत नाही.

रिकामी राहिली तर? मी दुसरा डाव खेळत नाही. काही जण खेळतात, क्वचित यशही येतं, पण त्या वेळी आपण कुत्रीच्या जिवावर जुगार लावत असतो.

पिशवी काढताना

पिल्लं दुधावरून सुटली, आचळं आटली, की पुढच्या माजाच्या आधी ऑपरेशन. कारवानी, पश्मी यांच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळं थायोपेंटोनसारख्या जुन्या भुलीतून अशी कुत्री उशिरा शुद्धीवर येतात. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना जात सांगा आणि दुसरी भूल वापरता येईल का विचारा.

"पिशवी काढली की राखण करायची नाही, लठ्ठ होईल" ही भीती अर्धी खोटी. राखण, पळणं, धन्याला ओळखणं हे पिशवीत नसतं. वजन मात्र वाढतं, तेव्हा खुराक पाचव्या हिश्श्यानं कमी करा.

ऑपरेशननंतर दोन्ही बिजांडं पूर्ण निघाली का हे विचारून कागदावर लिहून घ्या. एखादा तुकडा मागं राहिला तर काही महिन्यांनी ती पुन्हा माजावर येऊ शकते आणि पिशवीच्या उरलेल्या बुडख्यात पुन्हा पू होऊ शकतो. तसं काही दिसलं तर हाच कागद डॉक्टरांसमोर ठेवायचा. टाके दहा-बारा दिवसांनी निघतात, तोवर गळ्यात कॉलर आणि उड्या बंद.